दरड आमच्याच वस्तीवर का कोसळते?

दरवर्षी मे महिना संपत आला की मुंबईच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांमध्ये एक कागद चिकटतो. जागा धोकादायक आहे, पावसाळ्याआधी खाली करा, काही झालं तर जबाबदारी तुमची. कधी तो सार्वजनिक संडासाच्या भिंतीवर असतो, कधी विजेच्या खांबावर, कधी बुद्धविहाराच्या दारावर. कुठे जायचं ते त्या कागदावर लिहिलेलं नसतं. पहिल्या पावसात कागद भिजतो, फाटतो, वाहून जातो. माणसं तिथेच राहतात.

हा कागद आम्ही लहानपणापासून पाहतोय. पूर्वी त्याची भीती वाटायची. आता त्याचा अर्थ कळतो. प्रशासनाला सगळं माहीत आहे, हा त्याचा पहिला अर्थ. डोंगर कुठला सुटणार, खाली कोण झोपलंय, कुठली भिंत फुगलीय, सगळं. दुसरा अर्थ असा की, माहीत असूनही त्यांना एवढंच करायचं आहे. दुर्घटना झाल्यावर दाखवायला एक कागद हवा, तो आधीच तयार करून ठेवायचा.

म्हणून आज आम्हाला डोंगरावर घर बांधण्याच्या शास्त्राबद्दल बोलायचं आहे. हा विषय आपल्या चळवळीत कोणी फारसा काढत नाही. अभियांत्रिकी म्हणजे नोकरीचा विषय आणि पर्यावरण म्हणजे शहरातल्या सुखवस्तू लोकांचा छंद, असं आपण धरून चाललो आहोत. त्याची किंमत आपण आपल्या माणसांच्या जिवाने मोजतोय.

दरड नैसर्गिक असेल, मरण नैसर्गिक नाही

आधी नावं घेऊ. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरमध्ये डोंगर झोपड्यांवर आला, ६० हून अधिक माणसं गेली. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण हे आदिवासी गाव चिखलाखाली गेलं, १५१ माणसं मेली. सकाळी एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसलं नाही, तेव्हा कुठे बाहेर बातमी कळली. २ जुलै २०१९ च्या पहाटे मालाडच्या पिंपरीपाडा आणि आंबेडकर नगरवर महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली, सुमारे ३० जण गेले. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारत नगरमध्ये १९ आणि विक्रोळीच्या सूर्यानगरमध्ये १० माणसं गेली. चारच दिवसांनी, २२ जुलैला, महाड तालुक्यातल्या तळियेत ८० हून अधिक माणसं दरडीखाली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण मिळालेच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला.

या यादीतले सगळे मृत दलित-आदिवासी होते असा आमचा दावा नाही. दरड कोसळताना जात विचारत नाही, हेही मान्य. पण दरडीच्या वाटेत कोण राहतं हे मात्र जात आणि गरिबी मिळून ठरवतात. कोकणातल्या कुठल्याही गावात जा. वाड्या जातीप्रमाणे पडलेल्या आहेत. पाण्याजवळची, सपाट, भातशेतीला लागून असलेली जागा कुणाची आणि कातळावरची, डोंगराच्या पोटातली, पऱ्ह्याच्या काठची बौद्धवाडी किंवा कातकरवाडी कुठे, हे विचारायला लागत नाही. दिसतं. रायगडमधल्या कित्येक कातकरवाड्यांची तर घराखालची जमीनही त्यांच्या नावावर नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलं झालं. नाव बदललं, पाटी बदलली. जागा तीच राहिली.

शहरात आलो तरी तेच. गावात गावकुसाबाहेर होतो, शहरात डोंगरावर किंवा नाल्यात आलो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेली माणसं मुंबईत आली, तेव्हा सपाट जमीन कधीच विकली गेली होती. उरला होता तो उतार. कुणाला हवा होता तो? कुणालाच नाही, म्हणूनच तो आपल्याला मिळाला.

उतार कसा सुटतो, हे आपल्याला कळलंच पाहिजे

डोंगर अचानक कोसळत नाही. तो आधी सांगतो. त्याची भाषा शिकायला डिग्री लागत नाही, पण ती आपल्याला कुणी शिकवत नाही.

सह्याद्रीचा खडक काळा बसाल्ट. वरचा थर कुजून मुरूम आणि माती होतो. पाऊस त्यात मुरतो, खालच्या घट्ट खडकापर्यंत जातो आणि तिथे अडतो. आता वरची ओली, जड माती आणि खालचा खडक यांच्यामध्ये पाण्याचा थर तयार होतो. माती खडकाला धरून ठेवणारी पकड सुटते. अशात कोणी पायथा कापलेला असेल, रस्त्यासाठी, जोत्यासाठी किंवा खदानीसाठी, तर वरच्या मातीला टेकू राहत नाही. ती निघते.

घर बांधताना आपण काय करतो? उतार आत कापतो आणि निघालेली माती बाहेरच्या बाजूला टाकून जागा सपाट करतो. अर्धं घर कापलेल्या पक्क्या जमिनीवर उभं राहतं, अर्धं भुसभुशीत भरावावर. दोन पावसाळ्यांत भराव बसतो आणि घराला मधून तडा जातो. त्यातच संडासाचा शोषखड्डा घराच्या वरच्या अंगाला. गळका नळ, उघडी मोरी, सांडपाणी, सगळं बारा महिने त्याच मातीत मुरतं. म्हणजे पाऊस नसतानाही उतार ओलाच.

आता संरक्षक भिंत. आपल्या वस्तीत नेता निवडणुकीआधी भिंत देतो, नारळ फुटतो, फलक लागतो. त्या भिंतीत पाणी जायला भोकं आहेत का, हे आपण कधी पाहिलं का? भिंत मातीला अडवते हे खरं, पण मागे पाणी साचलं की ती धरण होते. हिशेब साधा आहे. भिंतीमागे ३ मीटर पाणी साचलं तर तळाशी दर चौरस मीटरला ३ टन दाब येतो आणि भिंतीच्या एक मीटर लांबीवर मिळून ४.५ टन जोर. पाणी ६ मीटर झालं तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे १८ टन. हे झालं फक्त पाण्याचं, मातीचा रेटा वेगळा. म्हणून भिंतीत ठराविक अंतरावर भोकं लागतात, मागे दगड-खडीचा थर लागतो, माथ्यावर पाणी वळवणारा चर लागतो. या तीन गोष्टी नसलेली भिंत आपल्याला वाचवत नाही. ती पडते तेव्हा आपल्याच अंगावर पडते. मालाडची भिंत जुनी जीर्ण नव्हती, जेमतेम काही वर्षांपूर्वी बांधलेली होती. तिच्यातून पाण्याच्या निचऱ्याची सोय पुरेशी होती का, हा प्रश्न माणसं मेल्यावर विचारला गेला. बांधताना का नाही विचारला?

आणि हे सगळं ज्ञान नवीन नाही. डोंगराळ भागातल्या राहत्या घरांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १४८०४ हे मानक आहे. डोंगरी भागातल्या संरक्षक भिंतींसाठी आयएस १४४५८ आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दरडींबाबत मार्गदर्शक सूचना २००९ मध्येच काढल्या आहेत. ज्ञान आहे, मानक आहे, कायदा आहे. फक्त ते डोंगर चढून आपल्या वस्तीपर्यंत येत नाही.

सेवा त्यांना, सूचना आम्हाला

डोंगरावर घर बांधणं मुळात चुकीचं असतं तर ते सगळ्यांसाठी चुकीचं असायला हवं होतं. तसं नाही. पुण्या-मुंबईच्या आसपास डोंगरावर बंगले होतात, सेकंड होम होतात, जाहिरातीत त्याला ‘हिल व्ह्यू’ म्हणतात. तिथे आधी भूगर्भतज्ज्ञ येतो. बोअर मारून माती आणि खडक तपासतात. स्ट्रक्चरल कन्सल्टंट उतार किती अंशांचा, पाया किती खोल, ते ठरवतो. गरज असेल तिथे खडकात लोखंडी सळ्या ठोकून उतार बांधतात, जाळीत दगड भरून गॅबियन भिंत घालतात, वर पाणी वळवणारे चर काढतात. पर्यावरण सल्लागार अहवाल लिहून देतो. या सगळ्याला म्हणतात ‘सेवा’. ती विकत मिळते.

त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आमची वस्ती असते. तिथे यातलं काहीही येत नाही. तिथे मे महिन्यात कागद येतो, जुलैमध्ये एनडीआरएफ येतं आणि ऑगस्टमध्ये धनादेश. एकाच डोंगराला दोन कायदे.

वाटत असेल की आम्ही वाढवून सांगतोय, तर घरकुलाचे आकडे बघा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरासाठी ठरलेली मूळ मदत सपाट भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ राज्यं, दुर्गम भागांसाठी १ लाख ३० हजार. फरक १० हजारांचा. म्हणजे डोंगरावर सुरक्षित घर बांधायला लागणारा जादा खर्च सरकारच्या हिशेबात १० हजार रुपये आहे. दहा हजारात उतार तपासून होतो? भिंत होते? चर खणून होतो? दगड डोक्यावरून वर चढवायची मजुरी तरी निघते का? मग २५ चौरस मीटरच्या घरकुलाचं जोतं घालायला लाभार्थी काय करतो? जेसीबीवाल्याला दोन तासांचे पैसे देतो आणि डोंगराचा पायथा कापतो. दुसरा इलाजच ठेवलेला नाही. उद्या दरड आली की अहवालात लिहिलं जाईल, ‘अशास्त्रीय उत्खनन’.

ज्याच्याकडे जागाच नाही त्याला घरकुलासाठी जागा घ्यायला सरकारने योजना काढली, तीत सुरुवातीला ५० हजार रुपये मिळायचे. ५० हजारात गावात कोण जागा देतो, आणि बौद्धाला, कातकऱ्याला कोण देतो? मिळते ती कुणाला नको असलेली जागा. पुन्हा उतार.

पर्यावरणाचे दोन चेहरे

आता पर्यावरणाकडे येऊ. २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी लागते. वाचायला छान. पण अहवाल तयार करणारा सल्लागार कोण नेमतो? बिल्डर. पैसे कोण देतो? बिल्डर. ज्याचे पैसे घ्यायचे त्याच्या विरोधात अहवाल लिहिण्याची अपेक्षा करायची, हा विनोद आहे. आणि तरीही मंजुरीशिवाय काम झालंच, तर काय होतं? लवासाचं उदाहरण समोर आहे. मुळशीच्या डोंगरात शहर उभं राहू लागलं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने केंद्राची मंजुरी घेतली नाही म्हणून नोटीस दिली, काम थांबवलं. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, अटी घालून मंजुरीही दिली. बांधकाम आधी, मंजुरी नंतर.

आता याच्या शेजारी मालाडचं आंबेडकर नगर ठेवा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेची वस्ती. पर्यावरणवाद्यांच्या याचिकेवर १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने उद्यानातली ‘अतिक्रमणं’ काढायचे आणि पात्र कुटुंबांचं पुनर्वसन करायचे आदेश दिले. त्यासाठी पात्र कुटुंबांकडून प्रत्येकी ७ हजार रुपये भरून घेतले गेले. त्यातल्या कित्येकांना वीस-बावीस वर्षं घर मिळालं नाही. २०१९ च्या जुलैमध्ये भिंत मात्र मिळाली, अंगावर. बाबासाहेबांच्या नावाच्या वस्तीला ‘अतिक्रमण’ म्हणायचं आणि डोंगर फोडून वसवलेल्या शहराला ‘प्रकल्प’ म्हणायचं. एकाला दंड भरून, अटी मान्य करून चूक सुधारता येते, दुसऱ्याला बुलडोझर. ही भाषा निरागस नाही. विटाळाचा शब्द जुना झाला, म्हणून ‘अतिक्रमण’ हा नवा शब्द आला आहे.

आम्ही पर्यावरणाच्या विरोधात नाही. डोंगर वाचला पाहिजे असं आम्हाला कुणाहीपेक्षा जास्त वाटतं, कारण तो पडला तर आधी आमच्यावर पडतो. पण डोंगर कोण खातंय ते बघा. खदान कुणाची? डोंगर कापून जाणारा रस्ता कुणाच्या सोयीचा? दहा बाय बाराच्या झोपडीने सह्याद्री ढासळतो आणि सुरुंगाने ढासळत नाही, हे पर्यावरणशास्त्र आम्हाला मान्य नाही.

मेल्यावरही भाव वेगळा

हे फक्त महाराष्ट्रात चालतं असं समजू नका. केरळमध्ये मुन्नारजवळ पेट्टीमुडी आहे. चहामळ्यातल्या मजुरांच्या चाळी, त्यांना तिथे ‘लायम’ म्हणतात. राहणारे बहुतेक तमिळ दलित, पिढ्यान्‌पिढ्या त्याच मळ्यात राबणारे. घर कंपनीचं, जमीन कंपनीची. निवृत्त झालं की खोली सोडायची, म्हणून मुलालाही त्याच मळ्यात घालायचं. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री डोंगर आला आणि ७० माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी, ७ ऑगस्टला, कोळिकोडच्या करिपूर विमानतळावर विमान घसरून अपघात झाला. सरकारने विमानात मेलेल्यांच्या कुटुंबाला १० लाख जाहीर केले आणि लायममध्ये मेलेल्यांच्या कुटुंबाला ५ लाख. चोवीस तासांचं अंतर, एकच राज्य, एकच सरकार, तेही स्वतःला डावं म्हणवणारं. जिवंतपणी मजुरी अर्धी, मेल्यावर भरपाई अर्धी. विमानातल्या मृतांबद्दल आमच्या मनात दुःखच आहे. आमचा प्रश्न एवढाच की चहा खुडणारीचा जीव निम्म्या भावाचा कुणी ठरवला?

नेहमीचे प्रश्न, आमची उत्तरं

‘मग तिथे राहायला सांगितलं कोणी?’ असं आम्हाला विचारतात. सांगितलं या व्यवस्थेने. गावात जमीन नाही, शहरात भाडं परवडत नाही, आणि तुमच्या घरची भांडी, तुमच्या सोसायटीचा कचरा, तुमच्या इमारतीचं सेंट्रिंग यासाठी आम्ही जवळच हवे असतो. आमचे हात जवळ हवेत, आमचं घर मात्र लांब हवं.

‘पुनर्वसन दिलं तरी जात नाहीत.’ कुठे दिलं ते सांगा ना. मुंबईत वर्षानुवर्षं उखडलेल्या वस्त्यांना माहुल दाखवलं. रिफायनरीच्या शेजारी, जिथल्या हवेने आरोग्याला धोका आहे असं हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच नोंदवलं होतं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयालाही म्हणावं लागलं की लोकांना तिथे जबरदस्तीने पाठवता येणार नाही. दरडीत मरायचं की धुरात, एवढीच निवड ठेवायची आणि वर म्हणायचं, जात नाहीत. माळीणचंही बघा. आमडे इथे नवं गाव बांधलं, २ एप्रिल २०१७ ला थाटात लोकार्पण झालं. पहिल्याच पावसाळ्यात रस्ते खचले, भराव वाहिला, घरांना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. कारण नवं गावही उतार कापूनच वसवलं होतं. डोंगराखाली गाव गाडलं गेलेल्या माणसाला पुन्हा कापलेल्या उतारावर बसवताना पाण्याचा निचरा आधी बघावा, एवढंही जमलं नाही.

‘इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती.’ हे तर सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. बचाव म्हणून सांगितलं, पण ही कबुली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभर दरडींचे नकाशे केले ते १:५०,००० या प्रमाणात. म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर नकाशावर एक सेंटीमीटर. शंभर मीटर रुंदीची वाडी त्यावर २ मिलिमीटर होते. तालुका समजायला हा नकाशा ठीक आहे, वाडी वाचवायला नाही. वाडीसाठी माणूस वाडीत जावा लागतो. इर्शाळवाडीला रस्ता नव्हता, म्हणून तिथे तपासणारा गेला नाही. दरड आली त्या रात्री बचाव पथकालाही चालतच चढावं लागलं.

‘पैसा कुठून आणायचा?’ पंधराव्या वित्त आयोगाने राज्याच्या आपत्ती निधीतला २० टक्के हिस्सा आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी, म्हणजे शमनासाठी, वेगळा ठेवायला सांगितला. त्यातून गेल्या पाच वर्षांत कुठल्या बौद्धवाडीचा, कुठल्या ठाकरवाडीचा उतार बांधला, याची यादी जाहीर करा. पैसा नाही की यादी नाही, तेवढं कळू द्या.

हे होऊ शकतं

हाँगकाँग हे डोंगरांचं, दाटीचं, वादळी पावसाचं शहर. १८ जून १९७२ ला तिथे एकाच दिवशी दोन दरडी कोसळल्या. एक साऊ माऊ पिंगच्या गरीब वस्तीवर, ७१ जण गेले. दुसरी पो शान रोडवर, श्रीमंतांच्या इमारतींवर, ६७ जण गेले. १९७६ मध्ये साऊ माऊ पिंगलाच पुन्हा दरड आली. मग १९७७ मध्ये सरकारने उतारांसाठी स्वतंत्र तज्ज्ञ कार्यालय काढलं. माणसाने कापलेला किंवा भराव घातलेला शहरातला प्रत्येक मोठा उतार मोजला, त्याला नंबर दिला. असे सुमारे ६० हजार उतार नोंदवले. कुठल्या उताराची देखभाल कुणी करायची ते ठरलं, धोक्याचे उतार एकेक करून बांधून काढले. दरडीत मरणाऱ्यांची संख्या प्रचंड खाली आली. तिथेही डोंगर तेच राहिले, पाऊसही तोच.

मुंबईत काय आहे? माहितीच्या अधिकारातून बाहेर आलेल्या आकड्यांनुसार १९९२ ते २०२१ या काळात शहरात दरडींनी २९० बळी घेतले, आणि अशा धोक्याच्या जागा आहेत ३२७. साठ हजार उतारांना नंबर देणारं शहर जगात आहे, आणि आपल्याला ३२७ जागा सांभाळता येत नाहीत. येत नाहीत असं नाही, त्यांना त्या सांभाळायच्या नाहीत.

मग आपण काय करायचं?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. दामोदर खोऱ्याची योजना, जलमार्ग आणि पाटबंधाऱ्यांसाठी केंद्रीय आयोग, वीज मंडळ, या कामांत त्यांनी अभियांत्रिकीकडे गरिबांच्या सुटकेचं साधन म्हणून पाहिलं. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींसाठी जमीन राखून ठेवण्याची, त्यासाठी आयोग नेमण्याची मागणी केली. कुणी कुठे राहायचं हा राज्यघटनेचा प्रश्न आहे, हे त्यांना दिसत होतं. आणि ज्या महाडमध्ये १९२७ साली पाण्यावर हक्क सांगितला, त्याच तालुक्यात २०२१ साली पाणी डोंगर घेऊन आलं. तेव्हा आम्हाला पाण्याला हात लावू देत नव्हते. आता आमच्या जागेत पाणी मुरतं आणि तिकडे बघायला कोणी येत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, उतारावरच्या प्रत्येक घरकुलाला जागेची मोफत तपासणी आणि भिंत, चर, निचरा यासाठी घराच्या रकमेहून वेगळा निधी. दोन, प्रत्येक धोकादायक उताराला नंबर आणि त्याचा जबाबदार अधिकारी कोण, त्याचं नाव तिथेच फलकावर. तीन, भूवैज्ञानिकांचे अहवाल मराठीत, ग्रामसभेसमोर आणि वस्तीसमोर. चार, पुनर्वसन दरडीआधी, वस्तीच्या संमतीने, कामाच्या जागेजवळ, आणि जमिनीचा उतारा कुटुंबाच्या नावावर. पाच, दरडीत मेलेल्या प्रत्येक माणसाची भरपाई सारखी.

पण मागण्या करून आपण मोकळे होणार का? आम्हाला आपल्याच चळवळीला एक कडू प्रश्न विचारायचा आहे. आरक्षणामुळे, शिष्यवृत्तीमुळे आपल्यातून हजारो सिव्हिल इंजिनियर झाले. कोणी सार्वजनिक बांधकाम खात्यात आहे, कोणी महापालिकेत, कोणी खासगी कन्सल्टंटकडे. कर्मचारी संघटना आहेत, दरवर्षी जयंतीला लाखाची वर्गणी जमते. त्या वर्गणीतून किती वस्त्यांच्या भिंती तपासून झाल्या? ज्या डोंगरावरून तुम्ही शिकायला खाली उतरलात, तो चढून परत कधी गेलात? डीजेच्या भिंती उभारायला आपल्याकडे पैसा आहे, आणि संरक्षक भिंतीला भोकं आहेत की नाहीत हे बघायला वेळ नाही.

येत्या जूनच्या आधी प्रत्येक वस्तीतल्या चार-पाच तरुणांनी एक रविवार काढा. आपल्यातला एक इंजिनियर किंवा भूगोलाचा विद्यार्थी बरोबर घ्या. भिंत कुठे फुगली, भोकं आहेत की नाहीत, असतील तर मातीने बुजलीत का, ते बघा. जमिनीत नवी भेग, वाकलेलं झाड किंवा खांब, अचानक घट्ट होऊ लागलेलं दार, नवा झरा, झऱ्याचं गढूळ झालेलं पाणी, हे सगळं टिपा. तारीख घालून फोटो काढा. वरच्या अंगाचे शोषखड्डे आणि गळके नळ मोजा. चर बुजला असेल तर त्याच दिवशी मोकळा करा, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मग सगळं लेखी करून वॉर्ड ऑफिसला, तहसीलदाराला, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला द्या आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची. आजवर कागद त्यांच्याकडून आपल्याकडे येत होता, जबाबदारी आपल्यावर ढकलायला. आता कागद आपल्याकडून त्यांच्याकडे गेला पाहिजे, त्यांच्या सही-शिक्क्याने.

आणि मुसळधार पावसाची रात्र असेल, भिंतीमागून आवाज येत असेल, तर त्या रात्री वाद घालू नका, सामान गोळा करत बसू नका. म्हाताऱ्यांना आणि पोरांना उचला आणि बाहेर पडा. विहार उघडं ठेवा, समाजमंदिर उघडं ठेवा, त्याची किल्ली कुणाकडे आहे हे आधीच सगळ्यांना माहीत असू द्या. भांडण सकाळी करू. त्यासाठी आपण सगळे जिवंत असलो पाहिजे.

जय भीम!